दिवा आणि वही
(द्वितीय वर्ष, कला)

गेल्या वर्षी आमच्या अक्काच्या नर्सिंग स्कूलमध्ये दीपप्रज्वलनाचा समारंभ झाला. पहिल्या वर्षाच्या मुली पांढऱ्याशुभ्र गणवेशात रांगेने उभ्या होत्या, प्रत्येकीच्या हातात एकेक पेटता दिवा होता, आणि सभागृहातले विजेचे दिवे मालवल्यावर सगळ्याजणींनी एका सुरात फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या नावाची शपथ घेतली. आई, अण्णा आणि मी अगदी मागच्या रांगेत बसलो होतो. अण्णांनी तिथे यावे हीच मुळी आमच्या घरातली मोठी घटना. बारावीनंतर अक्काने नर्सिंगचे नाव काढले तेव्हा त्यांनी दोन दिवस कुणाशी बोलणे टाकले होते. परक्या पुरुषांची अंगे पुसायची, रात्रपाळ्या करायच्या, मग अशा पोरीला करून कोण घेणार, असे भावकीने त्यांच्या कानात भरले होते. शेवटी मामा मध्ये पडले आणि फीची सोय झाली.

समारंभ संपल्यावर चहा घेताना मी अक्काला विचारले की ही बाई होती तरी कोण. तिला दिवा आणि जन्मतारीख एवढेच सांगता आले. मलाही त्याहून जास्त कुठे माहीत होते? आमच्या गावच्या शाळेत थोर स्त्रियांचा एक तक्ता टांगलेला असे, त्यात एक गोरी बाई हातात दिवा घेऊन उभी होती, इतकीच काय ती आमची ओळख. सुट्टी संपल्यावर मी आपल्या ग्रंथालयात शोध घेतला. तिथे दोन पुस्तके मिळाली, आणखी काही आमच्या इंग्रजीच्या सरांनी मिळवून दिली. आमच्या घरात इंग्रजी वाचणारे कुणी नाही. शब्दकोश मांडीवर घेऊनच मी ती वाचली.

पहिलाच धक्का बसला तो असा, की ती शपथ फ्लॉरेन्सने लिहिलेलीच नाही. १८९३ साली अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरी एका समितीने ती तयार केली आणि तिला हिचे नाव दिले. दुसरा धक्का दिव्याचा. तक्त्यावरचा तो चोचीचा दिवा तिच्या हातात कधी नव्हताच. ती वापरी तो चुण्याचुण्यांचा, घडी घालता येणारा तुर्की फानूस. आपल्याकडची जुनी माणसे कंदिलाला फाणस म्हणतात, तोच हा शब्द. शपथ तिची नाही, दिवाही तो नाही, मग तिचे असे राहिले काय? नर्सिंग शिकणाऱ्या मुलींना तिने नेमके शिकवले तरी काय? या प्रश्नासाठी मी तिचे चरित्र पुन्हा पहिल्यापासून वाचले.

तिचा जन्म १२ मे १८२० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स नगरात झाला आणि त्या नगराचेच नाव तिला मिळाले. घर इंग्लंडातले, अतिशय श्रीमंत. उन्हाळ्यात राहण्याचा वाडा वेगळा, हिवाळ्यात राहण्याचा वेगळा. वडील विल्यम नाइटिंगेल हे विद्याव्यासंगी गृहस्थ. त्यांनी दोन्ही मुलींना घरीच ग्रीक, लॅटिन, इतिहास असे विषय शिकवले. फ्लॉरेन्सचा ओढा गणिताकडे होता. सोळा-सतरा वर्षांची असताना, फेब्रुवारी १८३७ मध्ये, देवाने आपल्याला सेवेसाठी बोलावले असे तिला वाटले. कोणती सेवा, हे उमगायला मात्र पुढे बरीच वर्षे गेली.

१८४५ साली तिने घरात सांगितले की मला सॉल्झबरीच्या इस्पितळात राहून शुश्रूषा शिकायची आहे. घरावर जणू वीज पडली. आई संतापली, बहीण पार्थेनोपी रडून आजारी पडली. त्यांचा तरी काय दोष म्हणावा! त्या काळी इंग्लंडातले पैसेवाले लोक घरी डॉक्टर बोलावून उपचार घेत. इस्पितळ म्हणजे गोरगरिबांची मरणाची जागा, आणि तिथल्या नर्सा दारू पितात, त्यांची चालचलणूक बरी नसते, असा सार्वत्रिक समज होता. हे पान वाचताना मला आमची ओसरी आणि तिथे तंबाखू मळत बसलेली भावकी दिसू लागली. माणसे सातासमुद्रापलीकडची, पण बोलणे तेच.

पुढची आठ वर्षे तिने घरातच काढली. पहाटे सगळ्यांच्या आधी उठून, शाल पांघरून, मेणबत्तीच्या उजेडात ती निरनिराळ्या देशांतल्या इस्पितळांचे अहवाल वाची आणि आकडे वहीत उतरून घेई. न्याहारीची घंटा झाली की खाली जाऊन पुन्हा घरातली सद्गुणी कन्या होई. रिचर्ड मॉन्क्टन मिल्न्स नावाच्या एका सज्जन कवीने तिला मागणी घातली होती आणि तोही तिला आवडत होता. तरी कित्येक वर्षे विचार करून १८४९ साली तिने नकार कळवला. १८५१ मध्ये, एकतिसाव्या वर्षी, तिला जर्मनीतील कैसरस्वर्थ येथील संस्थेत सुमारे तीन महिने शिकायला मिळाले. पाद्री फ्लीडनर यांनी चालवलेली ही संस्था. तिथली निष्ठा तिला थोर वाटली, पण शुश्रूषेचे शास्त्र आणि स्वच्छता यांत तिथे शिकण्यासारखे फारसे नव्हते, असेच तिचे पुढे मत झाले.

१८५३ च्या ऑगस्टमध्ये लंडनच्या हार्ले स्ट्रीटवरील आजारी स्त्रियांच्या एका लहान रुग्णालयाची ती प्रमुख झाली. पगार काही नाही. वडिलांनी वर्षाला ५०० पौंड बांधून दिले. या नोकरीतली एक गोष्ट मला फार आवडली. रुग्णाने घंटा वाजवली की ती कुठल्या खाटेवरून वाजली हे नर्सला लगेच दिसावे, अशी झडपेची घंटा तिने मागितली. शिवाय गरम पाणी नळाने प्रत्येक मजल्यावर यावे आणि जेवण दोराच्या पाळण्यातून वर चढावे, असाही तिचा आग्रह होता. हिशोब सरळ आहे. जिने चढउतार करण्यात जिचा दिवस जातो ती नर्स रुग्णाकडे पाहणार केव्हा?

यानंतर क्रिमियाचे युद्ध आले. हा भाग सगळ्यांना थोडाफार ठाऊक असतो म्हणून थोडक्यात सांगते. जखमी सैनिकांच्या हालअपेष्टांच्या बातम्या टाइम्स पत्रात येऊ लागल्या, तेव्हा युद्धखात्याचे मंत्री सिडनी हर्बर्ट यांच्या विनंतीवरून २१ ऑक्टोबर १८५४ रोजी ती ३८ स्त्रिया बरोबर घेऊन निघाली आणि ४ नोव्हेंबरला तुर्कस्तानात स्कुटारीच्या बराकीतल्या इस्पितळात पोहोचली. लष्करी डॉक्टरांनी पहिल्यांदा या बायकांना हातसुद्धा लावू दिला नाही. ते बोलावीपर्यंत ती थांबली. मग स्वयंपाकघर, धुण्याची व्यवस्था, सदरे, चादरी, सारे तिने उभे केले. रात्री फानूस घेऊन मैलभर लांबीच्या त्या रांगांमधून फिरली. मेलेल्या शिपायांच्या घरी स्वतः पत्रे लिहिली. जिवंत असलेल्यांचा पगार त्यांच्या बायकामुलांना पोहोचावा म्हणून पैसे पाठवण्याची सोय केली.

पण दिव्याच्या चित्रात न मावणारी गोष्ट पुढे आहे. ती आल्यावर माणसे मरायची थांबली नाहीत. फेब्रुवारी १८५५ मध्ये तिथे दर १०० रुग्णांमागे सुमारे ४२ दगावत होते. इमारतीखालची गटारे तुंबलेली होती. मार्चमध्ये सरकारने पाठवलेल्या आरोग्य समितीने ती उपसली, हवा खेळती केली, आणि जूनपर्यंत हेच प्रमाण २ च्या आसपास आले. युद्धानंतर विल्यम फार या संख्याशास्त्रज्ञाबरोबर आकडे मांडताना तिला स्पष्ट दिसले, की बहुतेक सैनिक जखमांनी मेले नव्हते. ते टाळता येण्यासारख्या रोगांनी मेले होते, आणि तेही आपल्या डोळ्यांदेखत. देशभर जिच्या नावाने गाणी म्हटली जात होती तिने हे मान्य करायला केवढे धैर्य लागले असेल! ते आकडे लोकांना कळावेत म्हणून तिने पाकळ्यांच्या आकाराचा रंगीत आलेख काढला. १८५८ मध्ये लंडनच्या सांख्यिकी संस्थेने तिला सभासद करून घेतले. तिथली ती पहिली स्त्री.

(त्याच युद्धात जमैकाची मेरी सीकोल ही बाई सरकारने नाकारल्यावर स्वखर्चाने गेली होती आणि बालाक्लाव्हाजवळ तिने सैनिकांसाठी निवारा चालवला होता. आमच्या तक्त्यावर तिला जागा नव्हती, म्हणून इथे नाव लिहिते.)

ऑगस्ट १८५६ मध्ये फ्लॉरेन्स परतली ती मिस स्मिथ या खोट्या नावाने. सत्काराच्या मिरवणुका चुकवून ती स्टेशनवरून चालत घरी गेली. क्रिमियात तिला तापाने गाठले होते. तो आजार १८५७ पासून उलटला आणि पुढची कित्येक वर्षे ती खाटेवरून फारशी उठलीच नाही. आजचे काही अभ्यासक तो ब्रुसेलोसिस असावा असे मानतात.

माझ्या मते तिच्या आयुष्यातला खरा महत्त्वाचा भाग इथून सुरू होतो. शुश्रूषेवरचे तिचे सर्वांत गाजलेले पुस्तक १८५९ च्या अखेरीस तयार झाले, म्हणजे ते तिने रुग्णाच्या जागी पडून लिहिले. खाटेवरून जग कसे दिसते हे तिला ठाऊक होते. म्हणूनच त्यात औषधांपेक्षा भलत्याच गोष्टी आहेत. रुग्णाशी त्याच्या पाठीमागून किंवा दारातून बोलू नये, त्याला मान वळवावी लागणार नाही असे समोर बसावे. त्याच्या खाटेला टेकू नये. रोज तीच भिंत पाहून माणूस खचतो, त्याला खिडकीबाहेरचे काही दिसू द्यावे, फुले असावीत. लवकर बरे व्हाल, काही झालेले नाही, अशी पोकळ आश्वासने देऊन त्याला शिणवू नये. झोप चांगली लागली का, असे मोघम विचारू नये. किती तास लागली, कोणत्या वेळी मोडली, ते विचारावे. आणि रुग्ण जेवला नाही की सरसकट भूक नाही असे लिहून मोकळे होऊ नये. स्वयंपाक बिघडला होता का, पदार्थ त्याच्या आवडीचा नव्हता का, वेळ चुकीची होती का, की खरोखरच भूक नव्हती, हे वेगवेगळे पाहावे.

हे वाचताना मी पुस्तक मिटून बसले. दोन वर्षांपूर्वी आईच्या पित्ताशयाची शस्त्रक्रिया झाली तेव्हा आम्ही आठ दिवस एका दवाखान्यात होतो. तिथे आईला नाव नव्हते, ती चौदा नंबर होती. तिचा गुरुवारचा उपास. त्या दिवशीचे ताट जसेच्या तसे परत गेले आणि कागदावर भूक नाही अशी नोंद झाली. एका संध्याकाळी दोघेजण दाराबाहेर तिच्याकडे पाहत हलक्या आवाजात इंग्रजीत बोलले. आईने रात्रभर डोळा मिटला नाही. आपल्याला कॅन्सर आहे आणि पोरीही लपवताहेत, असे तिने धरले होते. ते दोघे बिलाबद्दल बोलत होते, हे सकाळी कळले. रुग्णाच्या कानावर अर्धवट पडेल असे कुजबुजणे ही त्याच्यावरची क्रूरता आहे, असे फ्लॉरेन्सने दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी बजावून ठेवले आहे. आईला मी ते मराठीत सांगितले. तिने विचारले, त्या बाईचेही ऑपरेशन झाले होते काय?

आता शाळेकडे येते. युद्धाच्या काळात लोकांनी तिच्या सन्मानार्थ निधी जमवला होता, सुमारे ४५,००० पौंडांचा. त्यातून १८६० च्या उन्हाळ्यात लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात १५ उमेदवार मुलींची शाळा सुरू झाली. शिक्षण एक वर्षाचे. राहणे, जेवण, गणवेश फुकट आणि वर हातखर्चाला वर्षाचे १० पौंड. प्रत्येकीला झोपायला स्वतंत्र खोली, ही त्या काळी केवढी मोठी गोष्ट! रुग्णालयाच्या मेट्रन मिसेस वॉर्डरोपर यांच्या देखरेखीखाली मुली वॉर्डात अनुभवी सिस्टरांच्या हाताखाली काम करीत शिकत. काय शिकायचे त्याची यादी ठरलेली होती. मलमपट्टी, जळवा लावणे, खाट करणे, रुग्णासाठी पेज-सूप रांधणे, खोलीतली हवा ताजी ठेवणे हे त्यात होतेच. परंतु सर्वांत लांबलचक कलम होते ते रुग्णाच्या निरीक्षणाचे. नाडी, कातडी, श्वास, भूक, झोप, शुद्ध, जखमेचा रंग, जेवणाचा आणि औषधाचा परिणाम, एवढे सगळे तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहून सांगता आले पाहिजे. दर महिन्याला एका तक्त्यावर प्रत्येकीच्या कामाची नोंद होई. वक्तशीरपणा, शांतपणा, विश्वासूपणा यांनाही त्यात रकाने होते.

कागदावर हे उत्तम दिसते. प्रत्यक्षात पहिली दहाबारा वर्षे शाळा पुष्कळशी ढेपाळलेली होती, आणि चरित्रकार यावर फारसे रेंगाळत नाहीत याचे मला नवल वाटते. १८७१-७२ च्या सुमारास फ्लॉरेन्सने स्वतः चौकशी केली तेव्हा तिला आढळले, की मुलींना धड व्याख्याने मिळत नाहीत, आणि शिकाऊ मुलींना वॉर्डात फुकटचे हात म्हणून राबवले जाते. (हे वाचून दाखवल्यावर अक्का खळखळून हसली. का हसली ते मी इथे लिहीत नाही.) यानंतर फ्लॉरेन्सने शाळा मनावर घेतली. जॉन क्रॉफ्ट या शल्यवैद्याची व्याख्याने सुरू झाली. मुलींनी वॉर्डातल्या कामाची रोजनिशी आणि रुग्णांच्या हकिगती लिहाव्यात असा दंडक आला, आणि त्या वह्या ती खाटेवर पडून स्वतः वाची. पुष्कळ वह्या तिला निकृष्ट वाटल्या. मग ती एकेका मुलीला आपल्या घरी बोलावू लागली. चहा, खाणे, आणि तासन्‌तास प्रश्न. त्या रुग्णाचे काय झाले, तू काय पाहिलेस, सिस्टरने काय सांगितले, तुला काय वाटले. मुलगी गेली की ती तिच्याविषयी टिपण करून ठेवी. बाहेरगावी नोकरीवर गेलेल्यांना पत्रे, फळे, फुले पाठवी.

इथे मला माझ्या प्रश्नाचे उत्तर थोडे सापडले असे वाटते. रुग्णाकडे माणूस म्हणून पाहा, असे फळ्यावर लिहून ते कुणाला येत नाही. जिला स्वतःला कुणीतरी नाव घेऊन विचारले आहे, जिची वही कुणीतरी खरोखर वाचली आहे, ती मुलगी वॉर्डात जाऊन खाटेवरच्या माणसाला तसे विचारू शकते. फ्लॉरेन्सने मुलींना जे शिकवायचे ते आधी त्यांच्याशी वागून दाखवले.

तिच्या हाताखालून गेलेल्यांपैकी ॲग्नेस जोन्स ही मला विसरता येत नाही. १८६५ साली ती लिव्हरपूलच्या अनाथ-गरिबांच्या सरकारी इस्पितळात नर्सांची तुकडी घेऊन गेली. जिथे रुग्णच रुग्णांना सांभाळत तिथे तिने शिस्त आणली, आणि १८६८ मध्ये टायफसने तिथेच मरण पावली. वय अवघे ३५.

सगळ्याच बाबतीत फ्लॉरेन्स बरोबर होती असे मी म्हणणार नाही. रोगजंतूंची कल्पना तिने बरीच वर्षे मानली नाही, ती हळूहळू स्वीकारली. पुढे नर्सांची सरकारी नोंदणी व्हावी अशी चळवळ उभी राहिली तेव्हा ती विरोधात गेली. परीक्षेने पाठांतर मोजता येते, स्वभाव मोजता येत नाही, असे तिचे म्हणणे. म्हणणे पटते, पण मी तिच्या बाजूने मत देणार नाही. नोंदणीचा कागद नसता तर आमच्या अक्काला उद्या नोकरी कोण देणार? वाडा असलेल्या घरातल्या मुलीला कागदाची किंमत कळणे कठीणच. इंग्लंडात नोंदणीचा कायदा १९१९ साली झाला, तेव्हा ती हयात नव्हती.

हिंदुस्थानात ती कधीच आली नाही, पण इथल्या छावण्यांना प्रश्नावल्या पाठवून तिने माहितीचे ढीग गोळा केले. १८६३ च्या आयोगाच्या अहवालात दिसले की इथे गोऱ्या फौजेतले दर हजारी ६९ सैनिक दरवर्षी मरत होते. पुढे तिचे लक्ष छावण्यांवरून खेड्यांकडे वळले, आणि गावांच्या आरोग्याविषयी आपल्या पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही तिचा पत्रव्यवहार झाला.

अखेरच्या काळात तिची दृष्टी गेली. १९०७ मध्ये राजाने ऑर्डर ऑफ मेरिट दिले. हा मान मिळालेली ती पहिली स्त्री. १३ ऑगस्ट १९१० रोजी, नव्वदाव्या वर्षी, लंडनमध्ये तिचे देहावसान झाले. वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये दफनाचा मान देऊ केला होता तो घरच्यांनी घेतला नाही. तिच्या गावाजवळच्या चर्चच्या आवारातील दगडावर नावाची दोन आद्याक्षरे आणि तारखा एवढेच कोरलेले आहे.

दिवाळीच्या सुट्टीत अक्का घरी आली ती केस स्टडीची फाइल घेऊन. मी तिला समास आखून देत होते. पहिल्या तीन रुग्णांची पाने वरच्या वर्गातल्या मुलीच्या फाइलवरून उतरवलेली होती. रोग, ताप, रक्तदाब, औषधे, सगळे नीटनेटके, आणि तिघांपैकी एकाचेही तोंड डोळ्यांसमोर येत नव्हते. मी तसे म्हटले तर ती चिडली. एका मुलीकडे एवढे रुग्ण असतात, तू ये एकदा रात्रपाळीला, म्हणाली. मी गप्प बसले. रात्री जेवणे झाल्यावर मी तिला फ्लॉरेन्सचे ते झोपेचे आणि भुकेचे प्रश्न वाचून दाखवले. अण्णा पलीकडे बाजेवर पडून ऐकत होते.

पंधरा दिवसांनी अक्काचा फोन आला. चौथा रुग्ण तिने स्वतः लिहिला होता. पायाला गँगरीन झालेला ऊसतोड मजूर, वय ५२. झोपेची गोळी देऊनही झोपत नाही अशी कागदावर नोंद होती. अक्काने त्याला विचारले, रात्री कोणत्या वेळी जाग येते. तो म्हणाला, पहाटे तीनला, बैलांना वैरण घालायच्या वेळेला. त्याची बैलजोडी कारखान्याच्या तळावर दुसऱ्याच्या भरवशावर होती. अक्काने वॉर्डातल्या सिस्टरना विचारून त्याच्या पुतण्याला फोन लावून दिला. बैल ठीक होते. फाइलमध्ये हे कोणत्या रकान्यात लिहायचे, ते तिला कळत नव्हते. मी म्हटले अण्णांना विचार, आणि फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी आधी बैलांचे वय विचारले.